खांद्यावरचा बाजार

माझ्या भाजीच्या पिशवीवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी काढलेला गोव्याचा बाजार आहे. कापड जाड आणि किंचित पिवळसर पांढरे आहे. त्यावर काळ्या रेषेतली माणसे आहेत आणि त्या रेषांच्या आत लाल, पिवळा, निळा, हिरवा असे कसलीही भीड न बाळगणारे रंग भरलेले आहेत. उजव्या बाजूला पाटीमागे ऐसपैस बसलेली एक मासळीवाली आहे. तिच्यासमोर टोपी घातलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ माशाला शेपटीने उचलून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो आहे, आणि घासाघीस करून शेवटी काहीच न घेणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी जे जे वाटायला हवे ते सगळे त्या मासळीवालीच्या भुवयांत उतरलेले आहे. त्यांच्या मागे ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक घातलेली, टपोऱ्या डोळ्यांची एक बाई, छत्री घेतलेले पाद्री, गिटार वाजवण्याचा आव आणणारा एक तरुण आणि पाटीखाली तोंड खुपसलेला कुत्रा आहे. डाव्या कडेला आणखी एक मुलगा असावा, पण तो शिलाईत अर्धा गेला आहे. त्याचा एक हात आणि एक केळे एवढेच बाहेर राहिले आहे.

मारिओ यांचा जन्म १९२६ साली दमणला झाला, पण त्यांचे घर गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या लोटलीचे. महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये झाले, उमेदीची बहुतेक वर्षे मुंबईतल्याच वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत गेली, आणि अखेरच्या काळात ते लोटलीच्या घरी परतले. तिथेच २०११ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. मुंबईकराने त्यांचे नाव ऐकले नसेल, तरी कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरची गर्दी त्याने पाहिलेली असते, आणि पणजीच्या बाजारात नारळ घ्यायला गेलेल्या माणसाने तिथली त्यांची चित्रे पाहिलेली असतात. आज त्यांची चित्रे कप, फरश्या, टी-शर्ट आणि पिशव्या यांवर छापलेली मिळतात. गोव्यातल्या मारिओ गॅलरीत हा सगळा संसार मांडलेला असतो. एखाद्या चित्रकाराचे काम बशीवर आणि पिशवीवर आले की नाक मुरडणारे लोक असतात. मला ते पटत नाही. मारिओ यांनी आयुष्यभर बाजार, बस, लग्न, मिरवणूक, टॅव्हर्न आणि कचेरी हीच ठिकाणे काढली, तेव्हा त्यांची चित्रे परत बाजारात हिंडू लागली, तर ती आपल्या मूळ गावीच गेली असे मी म्हणेन.

गंमत अशी की ज्या पिशवीवर मासळीबाजार आहे तिच्यात मासळी कधीच जात नाही. आमच्या घरी मासळीची पिशवी वेगळी, तिची खुंटी वेगळी आणि ती धुण्याचा साबणही वेगळा. हा आईचा नियम आहे आणि त्यात अपवाद नाही. त्यामुळे रविवारी सकाळी दादरच्या बाजारात मी दोन पिशव्या घेऊन उतरतो. एकीवर मासे छापलेले असतात आणि तिच्यात मेथी, दुधी, कांदे-बटाटे भरले जातात. दुसरी राखाडी रंगाची, कसलेही चित्र नसलेली असते आणि तिच्यात बोंबील असतात. माझी कोळीण एकदा चित्राकडे बघत म्हणाली, ‘‘काका, ह्या पिशवीत मासळी नको म्हणता, मग मासळीचं चित्र कशाला लावून फिरता?’’ मी आईचे नाव सांगितले. ‘‘मग बरोबर आहे,’’ असे म्हणून तिने विषय मिटवला आणि बोंबलांचा वाटा एका बोंबलाने वाढवला.

खांद्याला लावलेल्या पिशवीची एक गोष्ट मला फार दिवस जाणवली नव्हती. तिच्यावरचे चित्र पिशवीच्या मालकाला दिसत नाही. पिशवी काखेखाली लटकते, चित्र बाहेरच्या बाजूला असते आणि ते पाहणारे सगळे लोक परके असतात. म्हणजे आपण पैसे देऊन चित्र विकत घेतो आणि ते रस्त्यावरच्या लोकांना दाखवत फिरतो. एरवी हे काम जाहिरातवाले आपल्याकडून फुकट करून घेतात. लोकलमध्ये उभे असताना समोर बसलेल्या माणसाची नजर थेट पिशवीच्या उंचीवर येते, आणि मोबाइलची रेंज गेली की ती नजर पिशवीवर स्थिरावते. मी हे वरून बघत असतो. माणूस आधी ठिपक्यांच्या फ्रॉककडे बघतो, मग माशाकडे, मग त्याला कुत्रा सापडतो आणि तेव्हा त्याच्या ओठाचा एक कोपरा हलतो. मोठी माणसे इथेच थांबतात. लहान मुले मात्र शोध घेत राहतात. आईच्या मांडीवर बसलेल्या एका मुलीने चित्रातले सगळे प्राणी मोठ्याने मोजायला घेतले होते. छपराच्या कडेला कावळा आहे हे मला तिच्यामुळेच समजले, कारण तोपर्यंत मी त्याला छपराचाच एक तुटका भाग समजत होतो. दादरला उतरताना पिशवी माझ्याबरोबर निघाली हे तिला मुळीच आवडले नाही.

रोजच्या वापराच्या पिशवीवर विनोद कोणता चालतो आणि कोणता चालत नाही, याचे उत्तर मला वाटते इथेच आहे. सध्या बाजारात विनोदी पिशव्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींवर चित्र नसते, वाक्य असते. ‘भाजी माझी, हिशेब तुमचा’ अशा धर्तीचे काहीतरी मोठ्या गोलसर अक्षरांत लिहिलेले असते. आपण दुकानात ते वाचतो, हसतो आणि घेतो. अडचण दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. वाक्याचा विनोद वाचता क्षणी संपतो, त्यानंतर ती नुसती पाटी उरते, आणि तीच पाटी वाण्यासमोर, वॉचमनसमोर, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांसमोर रोज धरायची म्हणजे एकच चुटका सांगणाऱ्या मामासारखी आपली गत होते. लोक हसतात, पण ते आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. अक्षरे एखाद्या कसलेल्या सुलेखनकाराची असतील तर गोष्ट निराळी; मग वाक्य जुने झाले तरी अक्षर पाहत राहता येते.

गर्दीचे चित्र असे एका दमात संपत नाही. मारिओ यांच्या चित्रात मध्यभागी एक प्रसंग असतो आणि कडेने दहा उपप्रसंग चाललेले असतात. कोणीतरी कोणाचे तरी ऐकत असते, कोणी भलतीकडेच बघत असते, आणि चित्रकाराने कुत्र्यालाही स्वतःचे मत दिलेले असते. पाहणाऱ्याला किती वेळ आहे त्यावर त्याला किती विनोद मिळेल ते ठरते. दोन स्टेशनांच्या अंतरात मासा आणि गृहस्थ मिळतात, ठाण्यापर्यंत जाणाऱ्याला पाद्रीबाबांच्या छत्रीचे भोकही मिळते.

शब्दांवाचून हसवण्याची ही रीत मराठी वाचकाला नवी नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पिढ्या वाढल्या आहेत. पन्नाशीच्या दशकातले त्यांचे ‘मोहिनी’चे एक मुखपृष्ठ अजून लोकांच्या स्मरणात आहे: बसथांब्यावर शेजारी उभे असलेले तरुण आणि तरुणी, तिच्या साडीवर उंदरांची नक्षी आणि त्याच्या शर्टावर मांजरांची. पिशवीच्या संदर्भात मला त्या चित्राची आठवण फार होते, कारण त्यातला सगळा विनोद कापडावरच्या छपाईतच आहे. कोणी काही बोलत नाही. बोलते ते कापड.

आता कापडाविषयी, कारण चांगले चित्र वाईट कापडावर पडले की त्याचे मातेरे होते. अशा पिशव्या मांजरपाट, दोसुती (दुहेरी धाग्याचे जाड सुती कापड) किंवा कॅनव्हास यांच्या असतात. मांजरपाट स्वस्त आणि पातळ. बटाट्यांचे वजन पडले की त्यावरचे चेहरे लांबट होतात. कॅनव्हास भक्कम, पण त्याची वीण जाड आणि उंचसखल असते, त्यामुळे बारीक रेषा धाग्यांच्या उंचवट्यांवर तुटते. मारिओ यांच्यासारख्या चित्रकाराच्या बाबतीत हे फार जपावे लागते, कारण त्यांच्या चित्रातली अर्धी मजा बारीक आडव्यातिडव्या रेषांत, छपराच्या कौलांत आणि बायकांच्या केसांत असते. माझ्या पिशवीवर भिंग धरून पाहिले, तर कौलांच्या रेषा सलग नाहीत, ठिपक्यांच्या ओळी आहेत; हातभर अंतरावरून मात्र त्या रेषाच दिसतात, आणि पिशवीकडे त्याहून जवळून पाहणारा माणूस लोकलच्या गर्दीतच भेटतो.

रंगीत छपाई बहुधा स्क्रीनची असते. प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, जिथे रंग उतरायला नको तिथे बुजवलेली छिद्रे, आणि वरून रबरी पट्टीने ओढलेली शाई. चार रंग आणि काळा म्हणजे पाच चौकटी झाल्या, आणि पाचही वेळा कापड त्याच जागी बसायला हवे. जरा सरकले, की टोपीचा लाल रंग कपाळावर येतो. म्हणूनच काळी रेष बहुधा शेवटी छापतात. रंगांच्या कडा थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी जाड काळी रेष त्यांना पोटात घेते. माझ्या पिशवीवर पाद्रीबाबांच्या छत्रीशी निळा रंग रेषेबाहेर अगदी केसभर डोकावतो. ती चूक मला आवडते, कारण तिच्यावरून हे काम चौकट लावून कोणाच्या तरी हाताने झाले आहे हे कळते.

शाई कोणती आहे तेही हाताने कळते. पाण्यात कालवलेली रंगद्रव्याची शाई धाग्यात मुरते आणि चित्रावरून बोट फिरवले तर कापडच लागते. प्लास्टिसॉल नावाची शाई कापडावर थर होऊन बसते. ती सुरुवातीला झगझगीत दिसते, पण पिशवी रोज घडी घालून खिशात कोंबली की घडीवर तिला तडे जातात आणि वर्षभरात मासळीवालीच्या गालावर सुरकुत्या पडतात. याहून वाईट म्हणजे इस्त्रीने चिकटवलेले चित्र. ते कोपऱ्यापासून सुटू लागते आणि एकदा सुटू लागले की माणसाला ते सोलण्याचा मोह आवरत नाही. दुकानात पिशवी घेताना चित्र हलकेच ताणून बघावे. कापडाबरोबर चित्र ताणले गेले तर घ्यावी, चित्राचा पापुद्रा वेगळा वाटला तर ठेवून द्यावी.

चित्राच्या पिशव्यांचे हे पीक आपल्याकडे का आले, याला कारण आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांचा विषय ऐरणीवर आला आणि राज्यात पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. तिचे पुढे काय झाले ते प्रत्येक भाजीवाल्याला ठाऊक आहे. मग मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने हँडल असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणणारी अधिसूचना काढली, २३ जूनपासून कारवाई सुरू झाली, आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड हा आकडा कानावर पडताच घराघरांतल्या कापडी पिशव्या कपाटातून बाहेर आल्या. त्याच सुमारास बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, पातळ, रंगीत पिशव्यांचा सुळसुळाट झाला. त्या कापडी नव्हेत. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्यांच्या असतात. उजेडात धरल्या तर विणीऐवजी दाबून उठवलेले बारीक ठिपके दिसतात, आणि काही महिने गच्चीवर पडल्या की हातात भुगा येतो. लग्नाच्या आहेरातून येणाऱ्या देवाच्या चित्राच्या पिशव्या पुष्कळदा याच जातीच्या असतात, आणि देवाचे चित्र असल्यामुळे त्या टाकवतही नाहीत.

आमच्या आधीच्या पिढीला हे सगळे शिकवावे लागले नव्हते. वडिलांची जुनी विजार, पडद्याचा उरलेला तुकडा, उशीचा फाटका अभ्रा यांतून आई मशीनवर पिशव्या शिवत असे. साड्यांच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीवर दुकानाचे नाव आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य असे. माझ्या मते ती मराठी मुलखातली पहिली विनोदी पिशवी, फक्त दुकानदाराला तसे वाटत नसे. खादीची शबनम खांद्याला लावणाऱ्यांचा एक वर्ग होता आणि त्यांच्या पिशवीत पुस्तके, पत्रके आणि एक पेला असे. त्या पिशवीवर चित्र नसे. चित्र असते तर चळवळीतल्या मंडळींनी त्यावर चर्चासत्र घेतले असते.

आता जरा गैरसोयीच्या आकड्यांकडे वळतो. कापडी पिशवी घेतली म्हणजे पर्यावरणावर उपकार झाले, असे समजण्याची पद्धत आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी तुलना करून असा हिशेब मांडला होता, की हवामानबदल एवढा एकच निकष धरला तर सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते; आणि पाणी, ओझोनचा थर असे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची पिशवी असेल तर सगळ्या निकषांवर तो आकडा २०,००० वर जातो, कारण अभ्यासात सेंद्रिय कापसाचे उत्पन्न कमी धरले होते. कापूस पिकवणे, सूत कातणे, कापड विणणे, रंगवणे यांत जे खर्ची पडते त्याचा हा परिणाम आहे. या हिशेबात रस्त्यावर आणि समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचे नुकसान धरलेले नव्हते, आणि मुंबईच्या माणसाला तेच तर सर्वांत मोठे वाटते. तरीही आकडे विसरण्यासारखे नाहीत. आठवड्याच्या बाजाराला एकदा वापरली तर ५२ हा आकडा वर्षात गाठता येतो. ७,१०० गाठायला मात्र रोज एकदा वापरूनही साडेएकोणीस वर्षे लागतील.

म्हणजे खरा प्रश्न पिशवी किती वापरली जाईल हाच आहे. प्रत्येक मराठी स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशव्यांची पिशवी असते. तिच्यात चर्चासत्रांच्या, बँकांच्या, औषध कंपन्यांच्या, वधूवर मेळाव्यांच्या पिशव्या एकमेकींत कोंबलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच उत्तम सुती कापडाच्या असतात, आणि तरी त्या वापरल्या जात नाहीत. एखाद्या मधुमेहाच्या गोळीचे नाव खांद्यावर मिरवावे असे कोणाला वाटत नाही. त्या गर्दीतून मारिओ यांची पिशवी मात्र दर वेळी सगळ्यांत वर असते, कारण ती घ्यायला हात आपोआप जातो. आमच्या घरी तर ती कोणी न्यायची यावरून सकाळी कुरबूर होते आणि मुलीचा क्लास असला की मला निमूट राखाडी पिशवी घ्यावी लागते. चित्राचा विनोद इथे कामाला येतो. तो शोभेसाठी नसून पिशवीला खुंटीवरून खाली उतरवण्यासाठी आहे, आणि ५२ च्या पुढचा प्रवास त्याच्याच जिवावर होतो.

अर्थात चित्र कितीही हसरे असले तरी बंद तुटले की सगळे संपते. पिशवी पाहताना मी हल्ली चित्राच्या आधी बंदांची मुळे पाहतो. बंद पिशवीच्या तोंडावर नुसता वरच्यावर टाचलेला असेल तर दोन किलो बटाटे आणि एक कलिंगड त्याला पुरेसे आहे. चौकोनी शिलाई मारून आत फुली घातलेली असावी आणि बंदाचे टोक आतल्या दुमडीत घेतलेले असावे. तळाला पट्टी नसलेल्या सपाट पिशवीत कोथिंबीर नेहमी तळाशी जाते आणि टोमॅटो तिच्यावर बसतात. का, ते मला उमगलेले नाही, पण तळाला चार बोटे रुंदीची पट्टी असली की भाजी शहाण्यासारखी बसते. पिशवी उलटी करून साध्या साबणाने गार पाण्यात धुवावी, सावलीत वाळत घालावी आणि इस्त्री करायचीच असेल तर आतून करावी. ब्लीच घातले तर आधी फ्रॉकवरचा लाल रंग जाईल, मग आईचा राग येईल.

माझ्या पिशवीचे बंद एकदा बदलून झाले आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसणाऱ्या रफूवाल्याने जुन्या जीन्सचे दोन पट्टे लावून दिले. त्याने काम करताना चित्र नीट न्याहाळले आणि शिलाईत गेलेला मुलगा बाहेर काढू का, असे विचारले. त्यासाठी कडेची शिवण उसवून पिशवी बोटभर सैल करावी लागली असती. मी नको म्हटले. त्या मुलाला बाहेर काढले असते तर समोरच्या बाजूचे चित्र वाकडे झाले असते, आणि शिवाय एक हात आणि एक केळे एवढ्यावर त्याने मला आजवर पुरेसे हसवले आहे.

आता माझी एक मागणी आहे. गोव्याचा बाजार खांद्यावर घेऊन मी दादरच्या बाजारात हिंडतो, पण दादरचा बाजार खांद्यावर घेऊन पणजीत हिंडायला मला मिळत नाही. फुलबाजारातल्या झेंडूच्या राशी, पुलाच्या जिन्यावर लिंबू-मिरची विकणारा पोऱ्या, दोन हातांत चार पिशव्या घेऊन घामाघूम झालेले आजोबा, त्यांना ‘वांगी बघून घ्या हो’ असे फोनवरून सांगणाऱ्या आजी, आणि या सगळ्यांच्या पायांतून वाट काढणारे मांजर. एखाद्या मराठी व्यंगचित्रकाराने हे एकदा मनावर घ्यावे. जाड दोसुतीवर छापावे, दोन्ही बाजूंनी छापावे, तळाला पट्टी द्यावी, आणि बंद कापण्याआधी साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार करावा.